उकंडरावांनी खोडलेलं पुणे

बाजाराच्या दिवशी उकंडराव पिशवी घेऊन घरातून निघाले, की भाजीवाल्यांपर्यंत पोचायला त्यांना तास लागायचा. बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले, की जवळा बाजार या त्यांच्या गावात कोणी ना कोणी त्यांची वाट अडवायचंच.

"मामा, पोरीला ब्याण्णव पर्सेंटाइल पडले. पुणं लागंल का?"

"न्हाई लागणार. नांदेड बघा."

एवढंच. गोड बोलणं त्यांना जमत नव्हतं, आणि त्यांचं सांगणं खोटं ठरल्याचं कोणाला आठवत नव्हतं. शेजारी मिरच्या निवडणारा एखादा म्हणायचा, "मामा, आमची म्हैस गाभण हाय. पारडी व्हईल का हाल्या, तेवढं बी सांगा की."

"तिचा पर्सेंटाइल घेऊन ये," उकंडराव म्हणायचे, आणि पुढे निघायचे.

एकतीस वर्षं ते शाळेत कारकून होते. स्वतःचं शिक्षण बारावीपर्यंत. पुणं त्यांनी एकदाच पाहिलं, तेही लग्नाच्या वऱ्हाडात. पण राज्यातल्या मोठमोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कोणत्या शाखेला शेवटचा नंबर किती पर्सेंटाइलवर लागला, हे पंधरा वर्षांचं त्यांच्या वह्यांत हाताने उतरवलेलं होतं. सोमवारी औंढ्याला नागनाथाचं दर्शन घ्यायचं आणि उरलेले दिवस लोकांच्या लेकरांचे नंबर बघायचे, असं त्यांचं निवृत्तीतलं आयुष्य चाललं होतं. कोणाकडून काही घेत नसत. देवाचं काम समजूनच ते करायचे.

त्यांच्या मनात एक काटा मात्र होता. सहा वर्षांपूर्वी दिपक नावाच्या हुशार पोराला त्यांनी म्हटलं होतं, "टाक पुणं वर, लागलं तर लागलं." पुणं लागलं नाही, खालचं नांदेड लागलं. पण पोराचे डोळे वरच अडकले. पुढच्या फेरीत पुणं येईल म्हणून त्याने नांदेडची जागा नक्की करायची तारीख घालवली. पुढच्या फेरीत पुणंही नाही आणि नांदेडही नाही. आता तो कनेरगाव नाक्यावर धाब्यात वाढप्याचं काम करतो. तेव्हापासून उकंडरावांनी स्वतःपुरता एक कायदा केला. जे नक्की लागणार, तेच यादीत पहिलं. लेकराच्या डोळ्याला वरचं दिसूच द्यायचं नाही.

यंदा त्यांच्या गल्लीतली राजनंदिनी सत्त्याण्णव पूर्णांक बासष्ट घेऊन आली. बाप वसमतला हळदीच्या मोंढ्यात हमाल, आई निता दुसऱ्याच्या रानात निंदायला जाते. घरात दहावीच्या पुढे गेलेलं पहिलंच लेकरू.

"मामा, पुणं एक नंबरला टाकू," राजनंदिनी म्हणाली. फॉर्म भरायच्या दुकानात ती मॉनिटरसमोर बसली होती आणि उकंडराव मागे वही घेऊन उभे होते.

"गेल्या साली तिथं अठ्ठ्याण्णवच्या खाली कोणी गेलं न्हाई."

"न्हाई लागलं तर मशीन खालचं बघतंच की. म्या प्रवेशाच्या पुस्तिकेत वाचलं. वर टाकल्यानं जातंय काय?"

ती बरोबर बोलत होती. मशीन यादी वरून खाली बघत येतं आणि जे पहिलं बसतं तिथं थांबतं. उकंडरावांना हे तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्यांना मॉनिटरच्या काचेत दिपकच दिसत होता.

"बाई, आशा वाईट असती. नांदेड एक नंबरला टाक."

राजनंदिनीने आईकडे पाहिलं. निता म्हणाली, "मामा म्हणतेत ते बराबर असंल." मग पोरीने पुणं खोडलं. बटन दाबायच्या आधी उकंडरावांनी डोळे मिटून नागनाथाला हात जोडले.

पहिल्या फेरीत नांदेड लागलं. यादीतलं पहिलंच लागलं म्हणजे नियमाने ते पक्कं झालं, पुढची फेरी तिच्यासाठी बंद. निताने गल्लीत पेढे वाटले.

दोन दिवसांनी उकंडराव सवयीने यंदा कोणतं कॉलेज किती पर्सेंटाइलवर थांबलं ते वहीत उतरवायला बसले. पुण्याच्या ओळीवर पेन थांबलं. राजनंदिनीच्याच प्रवर्गात, तिने मागितलेल्याच शाखेत शेवटचा नंबर सत्त्याण्णव पूर्णांक चाळीसला लागला होता. यंदा त्या शाखेच्या जागा वाढल्या होत्या. वाढीव जागांची यादी फॉर्म भरायच्या आधीच आली होती. उकंडरावांनी ती उघडलीच नव्हती. ते जुन्या वह्या चाळत बसले होते.

त्यांचं तोंड बघून त्यांच्या पत्नी भागूबाई चहा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "काय झालं वं?"

त्यांनी सांगितलं. भागूबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सांगू नका. लेकरू खुश हाय. देवानं झाकलंय, तुमी काहून उघडून राहिले?"

"देवानं न्हाई, म्या झाकलंय."

सोमवारी ते औंढ्याला गेले, पण गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरले नाहीत. वरूनच हात जोडले आणि परत एसटीत बसले. नागनाथाला त्यांनी काही मागितलं नाही. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

घरी न जाता ते थेट निताच्या दारात गेले. दुपारची वेळ होती. राजनंदिनी पत्र्याच्या पेटीत कपडे घालत होती. निताने लगबगीने पाट टाकला, वाटीत पेढे आणले.

"घ्या मामा. तुमच्यामुळं झालं हे. आता आमची धाकटी आरोही अकरावीला हाय, तिचंबी तुमीच बघायचं, बरं का."

उकंडरावांनी पेढा हातात धरला. निता पाणी आणायला आत वळली, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "नंदे, पुणं सत्त्याण्णव चाळीसला थांबलं, बाई."

राजनंदिनीने हातातली ओढणी पेटीत ठेवली, नीट दाबली.

"मला परवाच कळलं. मोबाइलवर बघितलं म्या."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"कोणाला बोलू? आईला सांगितलं तर ती रोज रडंल. बाबा मोंढ्यात समद्याला सांगून राहिलेत, पोरगी इंजिनेर व्हणार म्हणून." ती पेटीतच बघत होती. "म्या वर टाकू म्हणले होते, मामा."

"व्हय. म्हणली होतीस."

"तुमी भ्याले. दिपकदादाच्या पायी. पण मी दिपकदादा नव्हते."

उकंडरावांनी हातातल्या पेढ्याकडे पाहिलं. चुकलो म्हणावं तर तो शब्द त्यांच्याच कानाला फार लहान वाटत होता. आत तांब्याचा आवाज आला. राजनंदिनीने पेटीची कडी लावली आणि घाईने, खालच्या आवाजात म्हणाली, "आईला सांगू नका. आणि आरोहीला तुमच्याकडं येऊ देणार न्हाई मी. तिचं मीच बघंन."

"नकोच येऊ देऊ," उकंडराव म्हणाले.

निता पाणी घेऊन बाहेर आली. पेढा तसाच हातात बघून ती हसली. "खा की मामा. लेकीचं तोंड गोड झालं, तुमचं नको व्हय?"

पोरगी त्यांच्याकडे बघत होती. उकंडरावांनी पेढा तोंडात घातला आणि तिच्यादेखत सगळा खाल्ला.