वरचा आणि डावा बांध

आप्पा खुर्चीवर बसत नसत. आमच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नावची एक खुर्ची होती, तिच्यावर त्यांचा जेवणाचा डबा आणि छत्री बसायची. आप्पा स्वतः उभे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उभे, चहा पिताना उभे, आणि उभे म्हणजे एका जागी नव्हे. खिडकी ते बेसिन, बेसिन ते कपाट, अशा त्यांच्या येरझाऱ्या दिवसभर चालू. पहिल्याच आठवड्यात मी वैतागले. "आप्पा, जरा बसा की," म्हटलं, तर म्हणाले, "बसलो की डोळं मिटत्यात गं. भात राखणाऱ्याचं आन् माजं सारखंच."

आप्पा गुंजीचे. घरी भाताची शेती, आणि रोज सकाळच्या गाडीनं बेळगावात येऊन प्रयोगशाळा सहायकाची नोकरी. निपाणीकडच्या शेतांतून तंबाखूची रोगट पानं आमच्याकडे यायची. त्यांच्यावरच्या बुरशीचे बीजाणू धुऊन काचेवर घ्यायचे, काचेवर आखलेल्या चौकोनात ते किती आहेत हे डोळ्यांनी मोजायचं आणि नोंदवहीत लिहायचं, हे आप्पांचं काम. त्याच चौकोनाचा फोटोही सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा काढून ठेवी, पण इतकी वर्षं तो फोटो कुणी उघडून बघितला नव्हता. आप्पांनी मोजलंय म्हटल्यावर कोण बघतंय? माझा अख्खा प्रबंध आप्पांच्या सहा वर्षांच्या मोजणीवर उभा होता.

मोजायला मला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी विचारलं, "रेघंवर बसलेला बीजाणू कुणाचा?" मी एम.एस्सी.च्या तोऱ्यात म्हणाले, "अर्धा धरायचा." आप्पा एवढे हसले की त्यांना चहाचा कप खाली ठेवावा लागला. "अर्धं झाड कुटं असतंय व्हय? वरच्या आन् डाव्या बांधावरचं आपलं. खालच्या आन् उजव्या बांधावरचं शेजाऱ्याचं. समद्यांनी असंच धरलं की भांडान न्हाय." पुस्तकात हाच नियम पानभर दिलाय. तो मी तीनदा वाचला होता आणि तीनदा विसरले होते.

आप्पांच्या निवृत्तीला महिना उरला असताना माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फर्मान काढलं. आजकाल परीक्षक हातानं केलेली मोजणी मानत नाहीत. फोटो आहेत, तर ते संगणकाकडून मोजून घे. नोंदवहीशी आकडे जुळले तरच ती वर्षं प्रबंधात जातील. जुळले नाहीत तर नव्यानं सुरुवात! आप्पा बेसिनपाशी उभे होते. त्या दिवसापासून त्यांच्या येरझाऱ्या दुप्पट झाल्या.

चित्रं तपासणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतंच. त्याला बीजाणू मोजायला शिकवणारं एक प्लगिन मी उतरवून घेतलं, सांगितलेल्या फोल्डरमध्ये टाकलं, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. मेनूत त्याचं नावच नाही. पुन्हा टाकलं, नाव आलं, पण त्यावर क्लिक केलं की लाल अक्षरांची खिडकी उघडे आणि सगळं गोठून जाई. चार दिवस हेच. आप्पा दर दहा मिनिटांनी माझ्या खांद्यामागे येऊन उभे. "काय म्हणतंय गं त्ये?" "काही म्हणत नाही, आप्पा. तुम्ही जरा लांब उभे राहता का?" ते लांब जायचे आणि कपाटाला हात लावून परत यायचे. मी त्यांच्यावर दोनदा तरी खेकसले असेन.

शेवटी कळलं की ते प्लगिन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेलं होतं. जुनी आवृत्ती आणून बसवली आणि ते चाललं. पहिल्या वर्षाचे फोटो दिले. प्रत्येक फोटोत आकडा आप्पांपेक्षा कमी! मला रडूच आलं. आप्पा मात्र पडद्याकडे वाकले. प्लगिननं मोजलेल्या बीजाणूंभोवती पिवळी कडी केली होती. "ह्ये कडंचं बघ. चारी बांधावरचं सोडून दिलंय की त्येनं."

खरंच, फोटोच्या कडेला टेकलेला एकही बीजाणू प्लगिन धरत नव्हतं. त्या सेटिंगचा खटका बंद केला तर चारही कडांवरचे धरायला लागलं. अधलंमधलं काही नाहीच. आप्पा एकदा खिडकीपर्यंत जाऊन आले. "मग वर आन् डावीकडं येक बांध घाल की. मोकळ्या जागंचा. तितलं झाड मग कडंला टेकायचंच न्हाय."

मी तो खटका पुन्हा चालू केला. फोटोला वरून आणि डावीकडून रिकाम्या पार्श्वभूमीची एक बारीक पट्टी जोडली आणि मोजायला लावलं. आकडे जुळले. एखाददुसऱ्याचा फरक सोडला तर पहिलं वर्ष जुळलं, दुसरं जुळलं, सलग पाच वर्षं जुळली. मी आनंदानं ओरडले. आप्पा थांबले नाहीत. "फुडं बघ," ते चालता चालता म्हणाले. "औंदाचं बघ."

यंदाचे फोटो लावले. सुरुवातीचे जुळले, पण पुढे प्लगिनचा आकडा दर वेळी जास्त. आप्पांच्या नजरेतून फिकट बीजाणू सुटले होते, एकदोन नव्हे, पानामागून पान. आप्पा बेसिनपाशी होते. फिकट ठिपके धरायचे की सोडायचे हे ठरवणारी एक सरकपट्टी त्या प्लगिनमध्ये होती. मी ती हळूच सरकवली. पिवळी कडी कमी झाली. अजून थोडी सरकवली. आकडा आप्पांच्या आकड्यावर येऊन बसला.

"बांध सरकवाय लागलीस व्हय गं?"

ते माझ्या मागेच उभे होते. आवाज चढलेला नव्हता. मी म्हणाले, "जरा जुळवून घेतेय, आप्पा. एवढंच एक वर्ष आहे." त्यांनी हात लांबवून ती पट्टी स्वतःच मागे नेली. "दिवाळीपासनं डोळ्याम्होरं धूर धरल्यागत हुतंय. कुणाला बोललो न्हाय. येकदा मोजलं की परत मोजायचो, तरी शंका ऱ्हायाचीच. म्हणलं, ह्ये तुजं मशीन चालू हुंदे, त्येच सांगंल."

इतके दिवस हा माणूस कशासाठी फेऱ्या मारत होता ते मला तेव्हा कळलं, आणि मी त्यांच्यावर खेकसले होते. मला स्वतःची लाज वाटली, अजूनही वाटते.

त्यांनी लाल पेन मागितलं. दिवाळीपासूनच्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली, खाली सही केली, तारीख घातली. मी म्हणाले, "पानं काढून टाकूया ना." "फाडू नको. खोडल्यालं दिसाया पायजे. आपलं कुटवर हाय, ते म्हागनं येणाऱ्याला कळाया नको?" दुसऱ्या दिवशी मॅडमनी नोंदवही शांतपणे चाळली आणि खोडलेल्या पानांआधीचं सगळं प्रबंधात घ्यायला सांगितलं. खोडलेल्या महिन्यांचे फोटो मी प्लगिनकडून मोजून घेतले, आणि तसं प्रबंधात लिहिलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी शेवटची सही झाल्यावर आप्पांनी पेनाला टोपण लावलं, खुर्चीवरचा डबा आणि छत्री उचलून खाली फरशीवर ठेवली, आणि बसले. पाठ टेकून, डोळे मिटून बसले. गुंजीच्या गाडीची वेळ झाली तरी उठले नाहीत. शेवटी मलाच हाक मारावी लागली.