सदुसष्ट टक्क्यांचं खोटं

नागपूरच्या विमानतळावर आत फक्त तिकीटवाल्यांना सोडतात हे ठाऊक असूनही मला पोचवायला दोन गाड्या भरून माणसं आली होती. आईबाबा, मनीषनगरची मावशी, तिची मुलगी प्रज्ञा, शिवाय वस्तीतल्या बुद्धविहारातली आठ-दहा मंडळी. बाबा कळमन्याच्या धान्यबाजारात मापारी आहेत. सकाळचा माल मोजून ते काट्यावरूनच थेट आले होते आणि त्यांच्या शर्टावर तुरीची धूळ तशीच होती. आई रडत होती. बाबा रडले नाहीत. ते म्हणाले, "रिझल्ट लागला का टक्के सांगजो वं बाई. फळ्यावर लिहा लागते."

तो फळा आमच्या विहारातला. वस्तीतल्या प्रत्येक पोराचं नाव आणि त्यापुढे टक्के, दरवर्षी बाबांच्या अक्षरात. रविवारी वंदनेला आलेला माणूस आधी फळा वाचतो, मग खाली बसतो. दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत माझं नाव त्यावरून कधी उतरलं नाही. कॉलेजात दहापैकी पॉइंट मिळायचे, तर बाबा दहाने गुणून टक्के करायचे आणि सगळ्यांचं समाधान व्हायचं.

अमेरिकेत ते पॉइंट चारपैकी असतात. तुमच्यापैकी जे इकडे आलात त्यांना हे माहीत आहे, पण घरी राहिलेल्यांसाठी सांगते. प्रत्येक विषयाला अक्षर मिळतं, ए म्हणजे चार, बी प्लस म्हणजे ३.३, बी म्हणजे तीन, सी म्हणजे दोन. प्रत्येक विषयाचे क्रेडिट, म्हणजे त्याचं वजन, ठरलेलं. अक्षराचे पॉइंट गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचं. पहिल्या सेमिस्टरला तीन-तीन क्रेडिटच्या दोन विषयांत मला बी आणि बी प्लस मिळाले. चार क्रेडिटच्या विषयात सी आला. तोच सगळ्यात जड, त्यानेच सरासरी खाली ओढली. माझे झाले २.६९.

बाबांना फोनवर हे समजावताना मला वाटलं होतं तासभर जाईल. त्यांना दोन मिनिटं लागली. "म्हंजे मोठ्या ढिगात माल हलका निघाला," ते म्हणाले, "तर लहान ढीग कितीबी चांगले असले तरी भाव पडते. बरोबर हाय ना?" अगदी बरोबर होतं. आमच्या प्राध्यापकांनाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "अन् पास किती वर असते?"

पास तीनवर असतं. एम.एस.च्या विद्यार्थ्याची सरासरी तीनच्या खाली गेली की त्याला प्रोबेशनवर, म्हणजे शेवटच्या संधीवर, टाकतात, आणि पुढच्या सेमिस्टरला ती वर आली नाही की घरचा रस्ता. मला तसं पत्र आलेलं होतं. मी बाबांना म्हटलं, "तसा काही आकडा नसतो बाबा. चारपैकी २.६९ म्हणजे सदुसष्ट टक्के होतात."

"सदुसष्ट! म्हंजे फर्स्ट क्लास."

मी हो म्हटलं. गणित चोख होतं. कॅल्क्युलेटरवर करून पाहा, सदुसष्टच येतात. मी स्वतःची समजूतही तशीच घातली, की मी खोटं कुठे बोलले, भागाकारच तर सांगितला. पण बाबांच्या डोक्यात साठला फर्स्ट क्लास होता आणि माझ्या डोक्यात पंचाहत्तरला पास, आणि हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्या आठवड्यात आईने फळ्याचा फोटो पाठवला. माझ्या नावापुढे सदुसष्ट, कंसात प्रथम श्रेणी, खाली अमेरिका. 'अमेरिका'खाली बाबांनी रंगीत खडूने रेघ मारली होती. तो फोटो मी परत उघडला नाही.

पुढचे चार महिने मी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. तीनवर यायला मला त्या सेमिस्टरला ३.३१ लागणार होते, कारण आधीचं पडलेलं पुसलं जात नाही, नवं त्यात मिसळत जातं. विद्यापीठातल्या ॲडव्हायझरबाईंनी सोपे विषय निवडून दिले, मी रडत-पडत कशीबशी तीनच्या वर आले. वाचले. घरी यातलं काहीच कळलं नाही. कळवायची गरजच काय, असं मला तेव्हा वाटलं, आणि याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

दोन वर्षांनी प्रज्ञाही अमेरिकेत आली, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या विद्यापीठात. माझ्याहून हुशार. पण विचारून विचारून पाऊल टाकणारी, आणि विचारायची ती मलाच. पहिल्या सेमिस्टरनंतर एका रविवारी व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर एका चौकोनात ती, एकात मनीषनगरचा हॉल. तिथे मावशी, आणि त्या दिवशी तिच्याकडे जेवायला आलेले आईबाबा. प्रज्ञा म्हणाली, "ताई, मले २.८ आले. एक लेटर बी आलं, पण लय गोड लिहिलं हाय. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत वगैरे. तुले तर २.६९ होते ना? मंग टेन्शन नाही ना?"

इकडच्या पत्रांचं असंच असतं. आपल्याकडे नापास म्हणजे लाल शाईत नापास, आंधळ्यालाही दिसावं असं. इकडे हाकलून देतानाही शुभेच्छा देतात. त्या गोड पत्राचा अर्थ काय होतो, हे आमच्या अख्ख्या गोतावळ्यात फक्त मला माहीत होतं. बाबा पडद्याच्या अगदी जवळ येऊन बसले होते. त्यांच्यासमोर त्या पत्राचा अर्थ सांगायचा म्हणजे माझंही तेच पत्र काढून दाखवायचं.

"नाही, टेन्शन नको घेऊ," मी म्हटलं. "पुढच्या वेळी वाढव थोडे."

मावशी हसली. बाबा म्हणाले, "सत्तर टक्के झाले की वं प्रज्ञे, ताईच्या पुढं गेली."

नंतर तिला एकटीला फोन करायचा असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. मग माझा प्रोजेक्ट आला, मग तिच्या परीक्षा आल्या, मग आता सांगून तिला उगाच कशाला घाबरवा, असं झालं. तिने त्या सेमिस्टरला तिन्ही विषय अवघडच घेतले, ताईइतकं तर आहेच म्हणून. त्यातला एक सोडता आला असता, विषय सोडायची तारीख असते. ती तारीख तिने जाऊ दिली. मे महिन्यात दुसरं पत्र आलं. तेही गोडच होतं. जूनमध्ये ती दोन बॅगा घेऊन मनीषनगरला परत आली.

दिवाळीत मी नागपूरला गेले. प्रज्ञा आता कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कंपनीत जाते. मावशीने चिवडा पुढे ठेवला आणि आत पाहत, प्रज्ञाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू तर फर्स्ट क्लास होती वं. तुले जमलं, मंग हिलेच काहून नाही जमलं?"

प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा माझ्या शेजारी बसले होते, आई समोर. मी सांगितलं. पत्र आलं होतं, मी पास नव्हते, सदुसष्टला तिथे कुणी विचारत नाही, आणि त्या रविवारी मला हे सगळं माहीत होतं. सांगून झाल्यावर मावशी चिवड्याच्या वाटीकडे पाहत राहिली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबा म्हणाले, "मी विचारलं होतं तुले. पास किती वर असते म्हून." आवाज चढला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाचं वजन खरं सांगत आलेला माणूस, त्याच्या हाताने मी खोटं लिहून घेतलं होतं.

प्रज्ञा इतकंच म्हणाली, "ताई, नंतर मले एकटीनं फोन कर, एवढं म्हणली असती तरी मले समजलं असतं."

मग ती आत गेली.

मी अमेरिकेत परत आले त्याला चार महिने झाले. इथे माझी नोकरी आहे, फ्लॅट आहे, खिडकीखाली हिवाळाभर बर्फ असतो, आणि इथल्या कुणाला माझी पहिल्या सेमिस्टरची सरासरी माहीत नाही, विचारायचं कुणाला कारणही नाही. पूर्वी घरची आठवण म्हणजे मला माझ्यासाठी टाळ्या वाजवणारी माणसं आठवायची. आता घर म्हणजे, जगात ज्या चौघांना माझा खरा आकडा माहीत आहे, ती माणसं. आई, बाबा आणि मावशी दर रविवारी फोनवर असतात. प्रज्ञाला मी वेगळा फोन करते, एकटीला. अजून तिने तो उचललेला नाही.