वाचवलेली ट्राम

भायखळ्याच्या पुलाशी कुशाबा दम खायला थांबला. गिरगावात घेतलेली सायकल तो लालबागपर्यंत हातानंच ढकलत नेत होता. सोबत लेक नलू.

वीस वर्षं तो गिरणीत पायी गेला, ट्रामचे पैसे सायकलीसाठी साठवले. नलूच्या वेळी दिवस भरलेल्या बायकोला, सुभद्रेलाही त्यानं परळच्या इस्पितळात चालवतच नेलं. आणि आज दुकानात गुडघा वाकेना, टांग दांड्यावरून जाईना.

भिंतीवर ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ रंगवणाऱ्यांतला एक ओरडला, “काका, सायकलीला फिरायला काढलंत काय?”

नलूला हसू आलं नाही. दारात आई सायकल ओवाळायला ताट घेऊन उभी असणार.

कुशाबा हळूच म्हणाला, “बाये, आईला सांग, बाबा नाक्यापर्यंत सायकलीवर बसून आले म्हणून.”