निरोगी बाईचं रक्त

रिपोर्ट वाईट आला होता, आणि रक्त धडधाकट बाईचं होतं.

मी भांडुपच्या एका हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन आहे. त्या दुपारी मिलिंद नावाचा माणूस डोकं फुटून आला. आरे कॉलनीच्या रस्त्यावर बाईक घसरली होती. बायको सुजाता मागे बसलेली, पण तिला साधं खरचटलंही नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा जीएफएपीचं नवीन किट आलं होतं. जीएफएपी हे मेंदूच्या पेशींतलं प्रोटीन. मेंदूला मार बसला की ते रक्तात उतरतं. सीटी स्कॅनची गरज आहे का, हे ठरवायला त्याची मदत होते. किट नवीन असलं की निरोगी माणसाचं रक्तही लावून बघायचं, अशी आमची पद्धत. सुजाता बाहेर बसलीच होती. विचारलं तर तिने हसत हात पुढे केला.

"घ्या ना मॅडम. गाडीचं काय झालं हो?"

मिलिंदचं जीएफएपी जवळपास नॉर्मल आलं. तिचं भलतंच वाढलेलं.

"नळ्यांची अदलाबदल केलीस ना?" आमचे डॉक्टर म्हणाले. "नाहीतर किटची वाट लागलीय. परत घे सॅम्पल."

मला रागच आला. नळीवर नाव मी पेशंटसमोरच लिहिते. तरी गेले. सुजाताने हसत हात पुढे केला.

"घ्या ना मॅडम. गाडीचं काय झालं हो?"

तेच शब्द, तेच हसू. मग कोपराच्या आत मघाशी मीच चिकटवलेला कापसाचा बोळा तिला दिसला. "हे कोणी लावलं?"

मी शेजारी डोक्याला पट्टी बांधून बसलेल्या मिलिंदकडे बघितलं.

"मघापासून तेच तेच विचारतेय," मिलिंद वैतागून म्हणाला. "घाबरलीय ती."

"हिचं डोकं आपटलं होतं का?"

"काय माहीत! मला तर चक्कर आलेली. हिनेच उचलून रिक्षात घातलं."

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता त्यांनी तिला सीटीला नेलं. "अहो, पेशंट ते आहेत," असं ती गोड आवाजात समजावत होती. स्क्रीनवर कवटीच्या आत रक्त साकळलेलं दिसत होतं. थोड्या वेळाने तिचं बोलणंही थांबलं.

ऑपरेशन वेळेत झालं. ती वाचली. डिस्चार्जच्या दिवशी तिने मला जय भीम केला आणि स्वतःची ओळख करून दिली. त्या दुपारचं तिला काहीही आठवत नव्हतं. मी खूप रडले, घरी जाऊन.

ज्याचं रक्त दिसतं तो पेशंट आणि त्याला घेऊन येतो तो नातेवाईक, अशी आमची सोपी वाटणी होती. आता अपघातातून दोघं आले की दोघांनाही तपासतात. धरून आणणाऱ्याला आधी.