राहून गेलेली केळ्यांची वाईन

माझ्या आयुष्यातली सगळ्यात घाणेरडी सहल मला माझ्या नवऱ्यानं घडवली.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. सगळे म्हणतात, काहीतरी चांगलं लिही. मला सकाळपासून हीच सहल आठवतेय. काय करू?

एकोणऐंशी साल. लग्नाला चार महिने झालेले.
"शनिवार-रविवार वसईला जाऊ," हे म्हणाले. मला वाटलं समुद्र, किल्ला, फोटो. मी नवी पिवळी साडी नेसले.

ह्यांच्या पिशवीत मात्र औषधाच्या रिकाम्या बाटल्या, लेबलं आणि एक थर्मामीटर.

हे रंगाच्या कंपनीत केमिस्ट. मूळचे वसईजवळच्या गासचे, मामांच्या घरची केळीची वाडी. माल जास्त झाला की पिकलेली केळी गुरांपुढे ओतायचे, ते बघत मोठे झालेले. तेव्हापासून डोक्यात एकच खूळ. नोकरी सोडायची आणि केळ्यांची वाईन काढायची. रीतसर लायसन्स घेऊन.

त्याआधी आसपास कोण काय आणि कसं गाळतं, ते बघायचं होतं. तेही बायकोला घेऊन!

आणि बायको कोण? जिचे वडील दारूपायी गेले, ती.

मला बघायला आले तेव्हाच मी स्पष्ट सांगितलं होतं, "एक थेंब पोटात गेला तर मी त्याच दिवशी माहेरी."
"थेंबसुद्धा नाही," हे माझ्या आईसमोर म्हणाले होते.

पहिला मुक्काम खाडीकाठची हातभट्टी. चिखल तुडवत गेलो. ड्रममध्ये काळा गूळ सडत होता, वर पिवळट फेस. वास असा की डोळ्यांतून पाणी.
भट्टीवाल्यानं काठी घातली आणि एक मेलेली घूस वर आली. त्यानं ती शेपटीला धरून झुडपात भिरकावली आणि परत ढवळायला लागला.
"अहो, हे फेकणार ना आता?" मी विचारलं.
"कशाला वयनी? उकाललं का सगला मरते. पानी पन तेच, आग पन तीच."

आणि आमच्या ह्यांनी तयार मालातला घोट तोंडात घेतला. खळखळवला. थुंकला. वहीत लिहिलं.

मी तिथेच ओकले. पिवळ्या साडीवर.

"तुम्ही शब्द दिला होतात!"
"अगं, पोटात कुठे गेली? तोंडात म्हणजे पोटात नव्हे."
असला माणूस.

दुपारी ताडी. मडक्यात माश्या आणि मुंग्या तरंगत होत्या. ह्यांनी ती माझ्या हातचं भरतकाम असलेल्या रुमालातून गाळली. परत घोट, परत खळखळ, परत थू. रात्री गासला ह्यांच्या मामांकडे राहिलो. मी जेवले नाही, बोलले नाही. सकाळी उठून थेट स्टेशन गाठायचं ठरवलं होतं.
"वाटेत पापडी गावात एकच घर, मग निघू," हे म्हणाले.

ते घर मारीमावशींचं. मामांच्या ओळखीच्या, सत्तरीच्या विधवा बाई. चर्चमधला रविवारचा मिस्सा आटपून नुकत्याच परतल्या होत्या. स्वच्छ सारवलेलं अंगण, भिंतीवर क्रूस, खाली नवऱ्याचा फोटो.

गासचा मुलगा केळ्यांची वाईन शिकायला आलाय म्हटल्यावर मावशींनी आतून घरच्या वाईनची एक चिनी मातीची बरणी आणली. नवऱ्यानं मरायच्या वर्षी भरलेली. चार वर्षं उघडली नव्हती. त्यांच्या घरची रीत होती, नवी बरणी उघडली की पहिला पेला पाहुण्याचा, आणि तो तळापर्यंत.

ह्यांनी घोट घेतला. खळखळवला. आणि दोन दिवसांच्या सवयीनं अंगणात थुंकले.

मावशींनी अंगणातल्या ओल्या डागाकडे बोट केलं.
"माझ्या माणसाच्या हातची होती रे, बाळा. थुकलास?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक. मावशींनी पेला पुन्हा काठोकाठ भरला आणि पुढे धरला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मावशींकडे. मग पेला ओठांशी नेला.

हे पिणार होते. म्हाताऱ्या बाईचं मन राखायला मला दिलेला शब्द मोडणार होते, आणि मी माहेरी जाणार होते. मी बोललेलं फिरवणाऱ्यातली नाही.

मी पेला हिसकावला.
"मावशी, ह्यांचं पोट बिघडलंय. ह्यांच्या वाटचा मी घेते."

तळापर्यंत घेतला. मावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी हसले, वाडीत गेले आणि केळीच्या बुंध्याशी आतडी बाहेर येईतो ओकले.

हे पाठीवर हात फिरवत रडत होते. "चुकलो गं. पुन्हा नाही."
परतताना नमुने भरलेल्या सगळ्या बाटल्या नाल्यात ओतल्या. वही फाडली. रिटायर होईपर्यंत रंगाच्या कंपनीत राहिले. वाईनचं नाव काढलं नाही. लोकांना मात्र कौतुकानं सांगायचे, "माझ्यासाठी हिनं विष घेतलं."

मी कधी काही बोलले नाही.

आज बोलते. माझी मलाच किळस येते, तरी बोलते.

ती वाईन गोड होती. पिकल्या केळीचा वास, घशात नुसती ऊब. दुसरा पेला मिळाला असता तर मी घेतला असता. माझ्या बापाला रोज संध्याकाळी काय होत असेल ते मला त्या एका पेल्यात कळलं.

अहो, मी चवीनं ओकले नव्हते. आवडली म्हणून ओकले.

एवढं सांगितलं असतं तर तुम्ही नोकरी सोडली असतीत. मला घरात बरणी नको होती. तुमच्या भीतीनं नाही हो, माझ्याच.

तुमची वाईन फार चांगली झाली असती.

मला माफ करा. साश्रू निरोप.