चेंडू जमिनीला लागला होता

एमिल ह्रुस्का पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या कोळशाच्या गावात घरोघरचे बॉयलर दुरुस्त करायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळांच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातांनी झेलायच्या खेळाच्या, सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचा. त्या वर्षी गावची शाळा उपांत्य सामन्यात पोचली. नेमलेला पंच बर्फात अडकला, तेव्हा ऐनवेळी एमिलला बोलावलं.

"माझा भाचा खेळतोय त्यात," एमिलनं सांगून पाहिलं.

"आम्हाला चालेल," समोरच्या संघाचा प्रशिक्षक म्हणाला. "तुला ओळखतो आम्ही."

शेवटच्या खेळीत भाच्यानं, डॅरननं, गोलरेषेपलीकडे झेपावून चेंडू धरला. पाय टेकले, पण तोल गेला, तो छातीवर आपटला आणि चेंडू जमिनीला लागून हातांतून निसटला. पडता पडता धरलेला चेंडू पडून होईपर्यंत हातातच राहिला पाहिजे, असा नियम. एमिल अगदी जवळ होता. त्यानं दोन्ही हात आडवे फिरवले. झेल नाही. गाव हरलं.

दारूच्या गुत्त्यात मग रोज तोच वाद. "दोन्ही पाय टेकले, झेल झाला. सुटला तो नंतर. लग्न झाल्यावर बायको पळाली, तर लग्नच झालं नाही म्हणणार का?"

"अरे, ही तर चर्चच्या पायरीवरूनच पळाली," एमिल म्हणाला. कोणी हसलं नाही.

बहीण लोरेन दारातच म्हणाली, "पोराची कॉलेजची खेळाची शिष्यवृत्ती गेली. सख्ख्या मामानं घालवली."

"चेंडू जमिनीला लागला, लोरेन."

"तू खाली बघायचंच कशाला?"

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला बहिणीकडून त्याला जेवायचं बोलावणं आलं नाही, पुढेही कधी आलं नाही. बॉयलर बिघडला तर लोक शेजारच्या गावचा माणूस बोलावू लागले. बऱ्याच वर्षांनी व्यावसायिक खेळाडूंच्या मोठ्या लीगनं झेलाचा नियम सैल केला, तेव्हा तर गुत्त्यात विजयच साजरा झाला. "तेव्हाचा नियम तो नव्हता," एमिल म्हणाला, पण ऐकायला कोण बसलंय?

लोरेन गेली. दफनानंतर चर्चच्या हॉलबाहेर डॅरन सिगारेट ओढत त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. आता तो ट्रक चालवायचा, पोट सुटलेलं.

"मामा, लागला होता चेंडू. मला तेव्हाच हाताला कळलं होतं."

एमिल त्याच्याकडे वळला. "आईला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? माझ्या हातचं हिसकावून घेतलं, ही एवढी गोष्टच तर होती माझ्याकडे. त्यावर लोक मला बिअर पाजायचे."

"आत येऊन सांग आता."

डॅरननं सिगारेट बुटाखाली चिरडली आणि दोघं आत गेले. पिरोगीची, सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, ताटं फिरत होती. एका म्हाताऱ्यानं डॅरनच्या पाठीवर थाप मारली. "आईला शेवटपर्यंत तेच लागून राहिलं बघ. धरला होतास ना रे?"

"धरला होता," डॅरन म्हणाला. मामाकडे त्यानं बघितलं नाही.

एमिलनं खुंटीवरचा कोट काढला आणि न जेवताच निघाला. नंतर डॅरनचे दोन-तीनदा फोन आले. त्यानं उचलले नाहीत.