परत आलेली गाठ

आमच्या राजुरीत कुणी आजारी पडलं की माझा एक शेजारी डॉक्टरांच्या आधी पोचतो. खुर्ची दिली तरी बसत नाही. पायरीवर एक पाय ठेवून, कानात काडी फिरवत बोलतो, आणि सुरुवात ठरलेली, "राव, माझं ऐका." स्कॅनची फिल्म उन्हात धरतो, बहुतेक वेळा उलटी, आणि जाणत्यासारखी मान हलवतो. त्याच्या सल्ल्यानं बरा झालेला माणूस मला अजून भेटायचाय.

माझ्या बायकोच्या छातीतली गाठ काढली, केमो झाली, आणि वर्षानं गाठ परत आली. डॉक्टर म्हणाले, आता वेगळं औषध सुरू करू. हा तिच्यासमोरच म्हणाला, "राव, माझं ऐका. परत आली म्हंजे पहिलं औषधच खोटं व्हतं. आता कशापायी हाल करता? घरीच ठिवा."

बायको दवाखान्याची पिशवी भरत राहिली.

सकाळी गाडी काढली तर हा फाट्यावर उभा. नारायणगावपर्यंत सोडा म्हणाला. टोमॅटोवर करपा परत आला होता, फवारायला औषध आणायचं होतं.

"परत आला?" बायकोनं मागून विचारलं. "मग उपटून टाका की, भावजी."

"तसं नसतंय, वैनी," तो मागं वळून समजावू लागला. "औषध बदलून मारायचं. उभं पीक कुणी सोडून देतंय व्हय?"

मी आरशात पाहिलं. कितीतरी दिवसांनी बायको हसत होती. त्याला वाटलं, तिला करप्याचं पटलं.